बलुते, पगार, उचल आणि मोबदला : ‘पूर्वी पैसा नव्हता, पण माया होती’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मावळात लग्नाच्या मांडवात, दहाव्याच्या घाटावर किंवा देवळाच्या पारावर बसा, एक वाक्य हमखास कानावर येते. पूर्वी गावात पैसा नव्हता, पण माया होती; पैसा आला आणि भाऊ भावाला ओळखेनासा झाला. उर्से येथे हे वाक्य विशेष जोरात बोलले जाते, कारण पैसा इथे डोळ्यांनी दिसतो. २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचा टोलनाका इथेच आहे. २०२३ च्या एप्रिलपासून मोटारीला एका बाजूच्या पूर्ण प्रवासाचे ३२० रुपये मोजावे लागतात आणि गाड्यांची रांग रात्रीही तुटत नाही. रस्त्यासाठी जमिनी गेल्या, कारखान्यांसाठी गेल्या, मोबदले आले, गुंठ्याचे भाव चढले आणि एका चुलीवर जेवणारे भाऊ वडगावच्या कोर्टात समोरासमोर उभे राहिले. हे सगळे खरे आहे, आणि त्याचे दुःख आम्हालाही आहे.

आमचा आक्षेप वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागावर आहे. पूर्वी माया होती म्हणता, तर कुणाची? कुणावर? आणि ती मोजत कोण होते?

पैशावाचून चालणाऱ्या गावाचे नाव बलुतेदारी. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार, मांग, महार यांनी वर्षभर गावाचे काम करायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. मावळ हा भाताचा मुलूख. दिवाळीनंतर झोडणी झाली की बलुतेदार खळ्यावर उभा. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. जुन्या गावाचे गोडवे गाणारे आज त्या पुस्तकाचे नाव घेतात, पण ते उघडून वाचले तर गोडवे कमी आणि तक्रारी जास्त सापडतात. शेतकऱ्याला वाटे बलुतेदार लुटतो, बलुतेदाराला वाटे शेतकरी बुडवतो. मायेचा हिशोब तेव्हाही जुळत नव्हता.

आणि सगळे बलुतेदार एका पायरीवर नव्हते. सुताराचे काम ठरलेले होते : नांगर, कुळव, तिफण. महाराचे काम ठरलेलेच नव्हते, आणि खरी गोम इथे आहे. सारा तालुक्याला पोचवायचा, अंमलदार आला की त्याचे ओझे वाहायचे, शिवेचा वाद झाला की साक्ष द्यायची, मेलेले ढोर ओढायचे, मयताची बातमी पुढच्या गावाला न्यायची, रात्री वेशीवर जागायचे. कामाला तास नाहीत, यादी नाही, नकार नाही. घरचा पुरुष परगावी असेल तर त्याच्या बापाने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी हजर व्हायचे. बदल्यात थोडी वतनी जमीन, खळ्यावरचे बलुते आणि संध्याकाळी घरोघर फिरून मागितलेली भाकरी.

‘मागितलेली’ या शब्दाशी थोडे थांबू. ती भाकरी म्हणजे चोवीस तासांच्या कामाची मजुरी होती. पण ती मजुरीच्या रूपात मिळत नव्हती, भिकेच्या रूपात मिळत होती. दारापासून अंतर राखून उभे राहायचे, जोहार घालायचा, हाक मारायची आणि वरून जे पडेल ते पदरात घ्यायचे. ताजे की शिळे हे घेणाऱ्याने विचारायचे नाही. देणारी माउली वाईट होती असे आमचे म्हणणे नाही. एखादी भाकरीवर कालवण घालत असेल, आजारी पोराची चौकशीही करत असेल. पण व्यवहाराची घडणच अशी होती की देणे चुकवणाऱ्याला आपण दान केले असे वाटे आणि ज्याचे येणे आहे तो मिंधा होई. गावाला जी माया आठवते, ती वरून खाली पाहणाऱ्याची माया आहे. खालून वर पाहणाऱ्याची आठवण ऐकायची असेल तर दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव का दिले, याचा विचार करावा.

मिंधेपणाचा परिणाम केवळ पोटावर होत नाही. आईला परक्या दारात हात पसरताना रोज पाहणाऱ्या पोराच्या मनात आईविषयी काय उरते? दिवसभर ‘मायबाप’ म्हणून वाकलेला बाप रात्री घरात कसा वागतो? बायकोवर हात उगारणारा बाप आमच्याही वस्त्यांत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. गावाने दिलेला अपमान घराबाहेर फेडता येत नसेल तर तो घरात फेडला जातो. नात्यांचा बिघाड पैसा आल्यावर सुरू झाला म्हणणाऱ्यांनी हा बिघाड कधी पाहिलाच नाही, कारण तो गावकुसाबाहेर घडत होता.

बाबासाहेबांनी या मुळावर बोट ठेवले. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये ‘महार आणि त्यांचे वतन’ ही लेखमाला आली आणि १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यातली बलुत्याविषयीची मागणी आजच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करावे आणि ती रक्कम सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून वतनदाराला द्यावी, असे ते म्हणत होते. म्हणजे शेतकऱ्याने द्यायचे तेवढेच, महाराला मिळायचे तेवढेच. बदलणार होते ते एकच : मध्ये खळे आणि दार राहणार नव्हते.

एवढ्याशा बदलाला विरोध का व्हावा? कारण खळ्यावर दिले जाणारे बलुते ही मजुरी कमी आणि वेसण जास्त होती. महार काम करी सरकारचे, पण त्याचे पोट गावाच्या हातात. त्याने साहेबापुढे खरी साक्ष दिली, मेलेले ढोर ओढायला नकार दिला, पोराला शाळेत बसवले, बायकोने लुगडे नीट नेसले, की बलुते बंद. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचा अहवाल १९३० साली आला. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावायला सुरुवात केली की गाव कसे कोंडी करते, कसायला दिलेली जमीन काढून घेते, मजुरी थांबवते, गावकामगारांचा मोबदला रोखते, हे त्या अहवालात नोंदलेले आहे. ज्याला माया म्हणतात तिचे दुसरे टोक हे होते. दिलेला शब्द मोडला की तोंडातला घास काढून घेण्याची सोय त्यात होती.

वतनाला चिकटून राहणारे आमच्यातही होते, हे सांगितले पाहिजे. बिदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्क दिले ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली होती. वतन म्हणजे बापजाद्यांची ओळख, गावात पाय ठेवण्याचा आधार. तो सोडायचा म्हणजे काय, हा प्रश्न म्हाताऱ्या माणसांना पडला तर त्यांना हसण्याचे कारण नाही. गुलामगिरीतही माणूस घर करतो. बाबासाहेबांनी ते विधेयक १९२९ साली मागे घेतले. पुढे सरकारने वतनी जमिनींवरची जुडी वाढवली, तेव्हा १६ डिसेंबर १९३९ रोजी नगर जिल्ह्यातल्या हरेगावला वतनदारांची परिषद भरवावी लागली. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

पण मावळात रोख पैसा त्याच्या शंभर वर्षे आधी आला होता, रुळांवरून. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ साली सुरू झाली. मधला बोरघाट फोडायला १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर मजूर राबत होते, आणि १८६३ साली घाट खुला झाला. त्या कामावर माणसे मेली, साथी आल्या, ठेकेदारांनी नागवले. तो काही स्वर्ग नव्हता. तरीही तिथे कामाचे पैसे मिळत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, पुढे देहूरोडच्या लष्करी डेपोत, मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत जे मिळत होते त्याला पगार म्हणत, आणि पगार मागावा लागत नाही. तो घेताना सही करायची किंवा अंगठा द्यायचा. आम्हाला या अंगठ्याचे मोल फार वाटते. त्या अंगठ्याच्या ठशात जोहार नव्हता.

याच पैशाने नवी नाती घडवली. टपाल खात्याने १८८० पासून मनीऑर्डर सुरू केली आणि मुंबईतला नवरा गावातल्या बायकोशी पंधरा-वीस रुपयांतून बोलू लागला. मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळी कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या, हाच अनेक घरांतला संवाद. या पैशाने ताटातूट केली हे खरेच, नवरा-बायको वर्षवर्ष वेगळे राहिले. पण पोरगे शाळेत गेले ते बलुत्याच्या भातावर नव्हे, याच पैशावर गेले.

बाबासाहेबांचे घर याचे मोठे उदाहरण आहे. सुभेदार रामजी हे लष्करातले पेन्शनर. भीमरावाने पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले, की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात. एकीकडे रोख नसेल तर दुसरीकडून दागिना घेत, मारवाड्याकडे गहाण ठेवत, पुस्तक आणत आणि पेन्शन हातात आली की दागिना सोडवून लेकीला परत करत. बहिणीने दागिना दिला, कारण तो परत येईल याची तिला खात्री होती. आणि खात्री होती, कारण पेन्शन ठरलेल्या तारखेला येणार होती. पैसा नाती तोडतो म्हणणाऱ्यांनी हा दागिना डोळ्यांसमोर आणावा. ठरलेला, हक्काचा, न मागता मिळणारा पैसा असेल तर बाप, बहीण आणि भाऊ यांच्यातला विश्वास वाढतो. त्याच भावाने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

तो ग्रंथ आणि हिल्टन यंग आयोगापुढे १५ डिसेंबर १९२५ रोजी दिलेली साक्ष इथे आठवते ती एका कारणाने. त्या काळी व्यापारी आणि गिरणीमालक रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स करा म्हणत होते. रुपया स्वस्त झाला की देशाचा फायदा, असा त्यांचा दावा. बाबासाहेबांनी विचारले, देशाचा म्हणजे कुणाचा? रुपया उतरला की किमती चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. म्हणजे नफा बाहेरून येत नाही, तो इथल्याच कमावत्या वर्गाच्या खिशातून धंदेवाल्यांच्या खिशात जातो. नुसता रोख पगार मिळून भागत नाही, तर त्या पगारातल्या रुपयाची किंमत कोण ठरवतो हे पाहावे लागते. वतनाच्या भाषणात आणि रुपयाच्या ग्रंथात आम्हाला एकच माणूस बोलताना ऐकू येतो. मोबदला ठरवण्याची सत्ता कुणाच्या हातात, हा त्यांचा दोन्हीकडचा प्रश्न होता.

रोख पैशाने सगळ्यांचेच भले केले असा आमचा दावा नाही. इंग्रजांनी सारा रोखीत मागितला आणि कुणबी सावकाराच्या दारात गेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्याच सुपे गावात शेतकऱ्यांनी उठाव केला, कर्जरोखे जाळले. त्याच रुपयाने कुणब्याला मिंधे केले आणि महाराला मिंधेपणातून सोडवले. म्हणून जुन्या गावाची आठवण दोघांना सारखी येत नाही, येणारही नाही. आमच्या शेतकरी भावांनी एवढे समजून घेतले तरी पुष्कळ झाले.

याच मावळात पैशाचा तिसरा प्रकार आजही पाहायला मिळतो : उचल. कातकरी बांधव वीटभट्टीवर जातात ते आधी पैसे घेऊन. पावसाळ्यात चूल बंद असते, घरात आजारपण असते, पोराचे लग्न ठरलेले असते; मुकादम पैसे आणून देतो आणि दिवाळीनंतर अख्खे कुटुंब भट्टीवर. हिशोब मालकाच्या वहीत. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, मग पुढच्या वर्षीही तीच भट्टी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे, पण वही बंद झाली नाही. हाही रोख पैसाच आहे. मात्र काम केल्यावर मिळतो तो पैसा मजुरी, आणि कामाआधी मिळतो तो गळ्यातले दावे. लग्न उचलीवर झालेल्या जोडप्याचा पहिला हंगाम विटा थापून ते लग्न फेडण्यात जातो. त्या दोघांच्या संसाराला ‘पैशाने नाती बिघडतात’ हे वाक्य ऐकवून पाहा.

आता मोबदल्याकडे येऊ, कारण उर्से पट्ट्यातले आजचे भांडण त्यावर आहे. महामार्गासाठी जमिनी गेल्या तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा होता. सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला पैसे. त्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या भूमिहीन मजुराला त्या पैशातले काहीच नाही. रोजगार गेला, पण त्याचे नुकसान कागदावर उमटलेच नाही. २०१३ च्या कायद्याने अशा कुटुंबांना बाधित म्हणून मोजायला सुरुवात केली. महामार्ग तेव्हा दहा वर्षे वाहत होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीच्या विरोधात बऊरला महामार्ग रोखला गेला, गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. मावळच्या शेतकऱ्याला जमीन आणि पाणी ही नुसती किंमत नसते, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचे काय जाते, हे पाहणे अजून बाकी आहे.

ज्यांच्याकडे थोडी आहे, ती बहुधा वतनाची. १९५८ च्या कायद्याने वतनी जमीन साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून वतनदाराला परत मिळाली, पण नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा याशिवाय ती विकता येणार नाही, अशी अट घालून. अटीमागचा हेतू चांगला होता. गरजेपोटी ही जमीन धनदांडग्यांच्या घशात जाऊ नये. प्रत्यक्षात झाले असे की शेजारच्या जमिनीला मिळणारा भाव वतनी जमिनीला मिळत नाही. दलाल येतो, ‘तुमची जमीन वर्ग दोनची, तुम्हाला ती विकता येत नाही’ म्हणतो, विसार हातावर ठेवतो आणि कुलमुखत्यारपत्रावर अंगठे घेतो. एका आजोबाच्या नावावरच्या तीस-चाळीस गुंठ्यांना साठ वारस असतात. दलाल साठ जणांना एकत्र बसवत नाही. एकेकाला वेगळे गाठतो, प्रत्येकाला वेगळी रक्कम सांगतो. मग चुलतभाऊ चुलतभावाकडे संशयाने पाहू लागतो. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या मुंढव्याच्या महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून गदारोळ झाला तेव्हा वर्तमानपत्रांना हा विषय नवा वाटला. मावळातल्या आमच्या वस्त्यांना तो नवा नव्हता.

आणि या साठ वारसांत सर्वात आधी जिची सही घेतली जाते ती बहीण. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांचे फोटो आमच्या प्रत्येक घरात आहेत. त्याच घरातला भाऊ भाऊबीजेला साडी देतो आणि पुढच्या आठवड्यात हक्कसोडपत्र पुढे करतो. बहीण सही करते. नाही केली तर माहेर तुटते, ही भीती असते. आता हा व्यवहार नीट न्याहाळा. तिचा हिस्सा तिचा आहे, पण तो भावाच्या हातून साडीच्या रूपात येतो, भावाची मर्जी असेपर्यंत. खळ्यावरच्या बलुत्यात आणि यात फरक काय? हक्काचे देणे ओवाळणीत बदलले की बहीणही मिंधी होते, आणि भावाला आपण थोर असल्याचा भास होतो. गावाने आमच्याशी जे केले तेच आम्ही आमच्या लेकींशी करत असू, तर गावगाड्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला राहत नाही.

काही जण म्हणतात, वाटण्या झाल्याच नाहीत तर भांडणेच होणार नाहीत, पैसा एका कर्त्याच्या नावावर राहू द्या, तो सगळ्यांचे बघेल. हा गावगाड्याचाच युक्तिवाद आहे. पाटीलही सगळ्यांचे बघत होताच.

आमची मागणी १९२८ च्या त्या विधेयकापेक्षा वेगळी नाही. भूसंपादनाचा मोबदला असो की परवानगीने झालेल्या विक्रीची रक्कम, ती एका कर्त्याच्या खात्यात न जाता प्रत्येक वारसाच्या, म्हणजे बहिणीच्याही, स्वतंत्र बँक खात्यात थेट जमा झाली पाहिजे. हक्कसोडपत्राची नोंदणी करण्यापूर्वी दुय्यम निबंधकाने तिला एकटीला बसवून तिच्या हिश्श्याचा आजचा भाव मोठ्याने वाचून दाखवला पाहिजे. वतनी जमिनीचा व्यवहार साठही वारसांसमोर, ग्रामसभेत, एकाच दराने जाहीर झाला पाहिजे. तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचा बंगला उर्सेपासून काही मैलांवर आहे आणि देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. दर वर्षी आपण दोन्हीकडे जातो. यंदा जाताना घरचा सातबारा आणि आठ-अ बरोबर न्यावा, त्यात बहिणींची नावे आहेत का ते तिथेच बसून एकमेकांना वाचून दाखवावे, आणि नसतील तर वारसनोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात तलाठ्याकडे द्यावा. अर्ज लिहून द्यायला आमचे कार्यकर्ते येतील.

जय भीम.